कच्चे कैदी आणि पक्का अन्याय

आधीं गुन्हा शाबीत व्हावा आणि मग शिक्षा व्हावी, हा न्यायाचा क्रम आहे. आमच्या तुरुंगांत हा क्रम बहुतांशीं उलटा झाला आहे. तुरुंगांच्या सरकारी आंकडेवारीप्रमाणें २०२२ सालअखेर देशांतील ५ लक्ष ७३ हजार बंदिवानांपैकीं ४ लक्ष ३४ हजार, म्हणजे शेंकडा सुमारें ७६, हे कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागावयाचा आहे आणि ज्याला कोणत्याही न्यायाधीशानें अद्याप दोषी म्हटलेलें नाहीं, असा मनुष्य. चारांतील तीन बंदिवान असे असतां तुरुंगाला शिक्षेचें स्थान म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. यांपैकीं कित्येकांवरील आरोप भयंकर आहेत व त्यांस मोकळें सोडणें धोक्याचें आहे, हें आम्ही जाणतों. त्यांची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. आमचें म्हणणें आहे तें दुसऱ्या एका वर्गाविषयीं. न्यायाधीशानें ज्याला 'जा' म्हटलें तरी ज्याला जातां येत नाहीं, कारण भरावयास पैसा गांठीं नाहीं आणि हमी द्यावयास जामीनदार नाहीं, त्या वर्गाविषयीं.

हा प्रश्न पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांस दूरचा वाटूं नये, म्हणून आम्ही मंडईचा दाखला घेतों. ही इमारत १८८६ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उभी राहिली. या बाजारावर पैसा घालण्याऐवजीं तो शिक्षणावर घालावा, असें नगरपालिकेंत सांगणाऱ्या जोतीराव फुल्यांचेंच नांव पुढें तिला मिळालें. आपले वाचक तेथें भाजी घेतात, घासाघीस करतात, पाटीवाल्याच्या डोक्यावर ओझें देतात. पण तो सारा व्यवहार कशावर उभा आहे, याचा विचार किती जण करतात? हातगाडीवाला कित्येकदां पहांटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत माल उधार उचलतो आणि संध्याकाळीं गल्ला मोजून पैसे चुकते करतो. माल देणारा त्याच्याजवळ सातबाराचा उतारा मागत नाहीं. हा किती वर्षें येतो, कोठें राहतो, कोणाच्या शेजारीं गाडी लावतो, मागें कधीं तोंड चुकवलें काय, एवढेंच तो पाहतो. पाटीवाल्यावर भरंवसा टाकणारी गृहिणीही हेंच पाहते. बाजारांत पत ओळखीवर चालते, आणि बाजार बुडत नाहीं.

आतां याच हातगाडीवाल्यावर चोरीचा किंवा मारामारीचा आळ आला असें समजा. शिवाजीनगरच्या न्यायालयांत त्याला जामीन मंजूर होतो. अट अशी कीं, पंधरा हजार रुपयांचा एक जामीनदार द्यावा. येथून त्याची खरी कोठडी सुरू होते. जामीनदारापाशीं शिधापत्रिका पाहिजे, घरपट्टीची पावती पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. आरोपीचे सगेसोयरे मराठवाड्यांतल्या एखाद्या खेड्यांत. त्यांच्या नांवावर असलीच तर दोन एकर कोरडवाहू. एक दिवसाची मजुरी बुडवून, एस्. टी. चें भाडें भरून आलेला भाऊ 'बाहेरच्या जिल्ह्याचा' म्हणून परत जातो. मग भाडोत्री जामीनदारांचा दलाल पुढें येतो. म्हणजे जो मनुष्य खरा आहे त्याची साक्ष न्यायालय घेत नाहीं, आणि ज्याची साक्ष घेतें तो कागदापुरताच खरा असतो. ज्या अटीनें प्रामाणिक गरीब आंत राहतो आणि दलालाला पैसे देऊं शकणारा बाहेर पडतो, ती अट न्यायाचें कोणतें काम करते, हें आम्हांस कोणी समजावून सांगावें.

मंडईच्याच आवारांत लोकमान्यांचा पुतळा उभा आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत आधीं नाकारलेला जामीन त्यांस न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं मंजूर केला. आरोपी खटल्यास हजर राहील कीं नाहीं, हाच जामिनाचा मुख्य प्रश्न होय, हें त्या निर्णयाचें मर्म होतें. पुढें १९०८ सालीं जिना यांनीं त्यांच्यासाठीं केलेला जामिनाचा अर्ज न्यायमूर्ति दावर यांनीं फेटाळला. एकाच पुरुषाच्या आयुष्यांतील हे दोन निर्णय ताडून पाहिले म्हणजे जामिनाची बाब न्यायाधीशाच्या दृष्टीवर किती अवलंबून असते तें कळतें. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जामीन मंजूर झाला तेव्हां लोकमान्यांमागें हमी देणारे धनवान स्नेही होते. त्या पुतळ्यासमोरून रोज ओझीं वाहणाऱ्या हमालामागें कोण आहे? परकीय सरकारच्या न्यायासनानें देशांतील सर्वांत गाजलेल्या आरोपीच्या बाबतींत मानलेलें तत्त्व स्वराज्यांतील सर्वांत अप्रसिद्ध आरोपीपर्यंत अजून पोंचावयाचें आहे.

याला कायदा अपुरा आहे, अशी सबब कोणीं सांगूं नये. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें मध्यप्रदेशांतील एका गवंड्याचें प्रकरण आलें. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागण्यांत आला होता, आणि भावानें दिलेली हमी, तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांतील, म्हणून नाकारण्यांत आली होती. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं या रीतीवर कडक कोरडे ओढले. दुसऱ्याच वर्षीं हुसैनआरा खातून प्रकरणांत न्यायमूर्ति भगवती यांच्यापुढें बिहारचे असे कच्चे कैदी आले कीं, त्यांच्या आरोपाला कायद्यांत असलेल्या कमाल शिक्षेहून अधिक काळ ते आंत कुजले होते. जामीनपात्र गुन्ह्यांत आठवड्याच्या आंत जामीन देतां आला नाहीं तर आरोपी निर्धन समजून त्यास जातमुचलक्यावर सोडावें, हें कलम २००५ च्या दुरुस्तीनें आलें. कमाल शिक्षेचा अर्धा काळ आंत काढलेल्यास सोडण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें पूर्वीं कोणत्याही गुन्ह्यांत दोषी न ठरलेल्यासाठीं ही मुदत एकतृतीयांशावर आणली आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याचें काम तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलें. केंद्र सरकारनें २०२३ सालीं गरीब कैद्यांसाठीं योजना काढून कच्च्या कैद्याच्या जामिनाकरितां ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देऊं केलें.

परंतु एकतृतीयांश म्हणजे किती, याचा हिशेब करावा. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षें. तिचा तिसरा हिस्सा एक वर्ष. एका वर्षांत हातगाडीची जागा दुसऱ्याची होते, खोलीचें भाडें थकून भांडीं रस्त्यावर येतात, मुलीची शाळा सुटते ती कायमचीच. आणि वर्षानें बाहेर आलेला मनुष्य पुढें निर्दोष सुटला तर हें सारें त्याला कोण परत देणार? मुदतीची कलमें ही बुडत्याला शेवटीं दिलेली काठी आहे. त्याला पहिल्याच आठवड्यांत हात देणारा मनुष्य कोण, हा खरा प्रश्न आहे.

तो मनुष्य कायद्यानें कधींच नेमून ठेवला आहे. मुंबई इलाख्यानें १९३८ सालींच परिवीक्षेचा कायदा केला होता. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानें परिवीक्षा अधिकारी ही नेमणूक सर्व देशाकरितां घालून दिली. न्यायालय सांगेल त्याप्रमाणें आरोपीच्या परिस्थितीची व घरच्या वातावरणाची चौकशी करून अहवाल देणें, हें त्याचें पहिलें कर्तव्य म्हणून त्या कायद्याच्या १४ व्या कलमांत लिहिलें आहे. कलमांत शब्द 'आरोपी' असा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानें तर हें काम अगदीं स्पष्ट केलें. जामिनाचा हुकूम झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाहीं तर अधीक्षकानें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणास कळवावें. प्राधिकरणानें परिवीक्षा अधिकाऱ्याकडून किंवा विधि-स्वयंसेवकाकडून त्याच्या सांपत्तिक व सामाजिक स्थितीचा अहवाल करवून तो अटी सैल करण्यासाठीं न्यायालयापुढें ठेवावा. महिना लोटूनही जामीन भरला गेला नाहीं तर न्यायालयानें आपण होऊन प्रकरण हातीं घ्यावें. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हें सुटकेच्या विलंबाचें एक कारण आहे व तशी अट घालूं नये, असेंही त्यांत सांगितलें आहे. मंडईंतल्या ओळखीची साक्ष न्यायासनापर्यंत नेणारा वाटाड्या असा कागदावर तयार आहे.

मग अडतें कोठें? आमच्या मतें देखरेखींत, आणि हाच आमच्या लेखाचा मुद्दा आहे. या सेवकाला धनी किती ते पाहा. १९५८ चा कायदा त्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखालीं ठेवतो. महाराष्ट्रांत त्याची नोकरी महिला व बाल विकास खात्यांत, ज्याचें आयुक्तालय येथेंच पुण्यांत आहे. अहवाल मागवितें न्यायालय. २०२३ च्या आदेशाप्रमाणें त्याला कामाला लावावयाचें विधि सेवा प्राधिकरणानें. आणि ज्याच्याविषयीं अहवाल लिहावयाचा तो मनुष्य गृहखात्याच्या कुलपांत. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, तशी या पांच घरच्या चाकराची गत आहे. प्रत्येक घरीं त्याला काम सांगणारा आहे. काम झालें कीं नाहीं, कसें झालें, न झाल्यास कां, हें विचारणारा एकही नाहीं. त्यांतून बाल न्याय कायद्याचें काम त्याच्याच गळ्यांत. विधिसंघर्षांत सांपडलेल्या प्रत्येक मुलाचा सामाजिक अहवाल पंधरा दिवसांत देणें कायद्यानें आवश्यक आहे. प्रौढ आरोपीबाबत तशी सक्ती नाहीं. साहजिकच ज्याला मुदत आहे तें काम आधीं होतें, आणि ज्याला मुदत नाहीं तें मागें पडतें.

येथें १९ मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघाताची आठवण वाचकांस झाल्यावांचून राहणार नाहीं. दोन तरुण जीव गेले, आणि मोटार चालविणाऱ्या अल्पवयीन मुलास सुमारें पंधरा तासांत, ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह, जामीन मिळाला. शहर संतापलें, आणि तें स्वाभाविक होतें. तीन दिवसांत तो हुकूम बदलला. पुढें जून महिन्यांत उच्च न्यायालयानें त्या मुलास निरीक्षणगृहांतून मुक्त केलें. मुलांचा कायदा निराळा आहे व त्यांत सुटकेकडे कल असावा हें योग्यच, म्हणून त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचा प्रश्न संतापणाऱ्यांना आहे. एकाला इतक्या लवकर कां सोडलें, असें ज्यांनीं घसा फोडून विचारलें, त्यांपैकीं किती जणांनीं आजवर विचारलें कीं, ज्यांना सोडण्याचा हुकूम झाला आहे ते महिनोन् महिने कां सुटत नाहींत?

देखरेख म्हणजे मासिक तक्ते मागविणें, अशी आमच्या कचेऱ्यांची जुनी समजूत आहे. अमुक अहवाल मागविले, अमुक पाठविले, अमुक बाकी. तक्ता भरला कीं वरिष्ठ समाधान पावतात. पण अहवाल आणि अहवाल यांत अंतर आहे. 'आरोपीची सांपत्तिक स्थिति हलाखीची असून तो सहानुभूतीस पात्र आहे,' हें वाक्य कोणत्याही कैद्याच्या कागदास डकवितां येतें, म्हणून तें कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. न्यायाधीशाला उपयोगी पडेल तो अहवाल असा: हा मनुष्य सहा वर्षें अमुक कमानीखालीं पाटी उचलतो, शेजारचे तीन गाळेवाले त्याला नांवानें ओळखतात व तारखेस आणून उभा करूं म्हणतात, बायको चार घरीं धुणींभांडीं करते, मुलगा अमुक शाळेंत तिसरींत आहे, मागील एका खटल्याच्या तारखा त्यानें चुकविल्या नाहींत, मात्र त्याला दारूचें व्यसन आहे आणि फिर्यादी त्याच चाळींत राहतो, तेव्हां तूर्त त्यानें बहिणीकडे राहावें. यांत बरें आहे तसें वाईटही आहे, आणि म्हणूनच त्यावर भरंवसा ठेवतां येतो. असा अहवाल खुर्चीवर बसून लिहितां येत नाहीं. त्याला चार जिने चढावे लागतात आणि चार माणसांशीं बोलावें लागतें.

तेव्हां देखरेख करणाऱ्यानें मोजावयाचें काय? पहिलें हें कीं, जामिनाचा हुकूम आणि प्रत्यक्ष सुटका यांमध्यें प्रत्येक कैद्याचे किती दिवस गेले. दुसरें, पत्त्यावर कोणी जाऊन आलें काय. दहांतील एका घरीं वरिष्ठानें न कळवितां स्वतः जावें, म्हणजे घरबसल्या लिहिलेले अहवाल आपोआप उघडे पडतील. तिसरें, सुटलेला मनुष्य तारखांना हजर राहिला काय. चौथें, ज्याची शिफारस झाली नाहीं त्याचें कारण काय, आणि तें कारण कैद्याच्या वकिलास कळलें काय. हें चौथें विशेष महत्त्वाचें. कारण शिफारस ज्याच्या हातीं तिची किंमत मागण्याचा मोहही त्याच्याच हातीं, आणि दलालाच्या जागीं सरकारी दलाल बसविण्यांत कोणाचेंच हित नाहीं. कारणें लेखी, भेटी तपासलेल्या आणि नक्कल आरोपीच्या हातीं, एवढें केलें तर त्या मोहाला पुष्कळ आळा बसेल.

याहून अवघड अशी एक गोष्ट वरिष्ठानें केली पाहिजे. शंभर सुटलेल्यांतील एखादा पळून जाईल किंवा नवा गुन्हा करील. त्या दिवशीं वर्तमानपत्रें विचारतील, याची शिफारस कोणीं केली? तेव्हां वरिष्ठानें हाताखालच्या माणसाला पुढें ढकललें कीं दुसऱ्या दिवसापासून त्या कचेरींतील प्रत्येक अहवाल भित्रा होतो. 'खात्री देतां येत नाहीं' हें त्याचें ठरलेलें शेवटचें वाक्य बनतें. प्रामाणिकपणें केलेल्या चौकशीनंतर चुकलेला अंदाज आणि चौकशीच न करतां मारलेली सही, यांत भेद करणें व तो भेद जगापुढें मांडणें, हें वरिष्ठाचें काम आहे. असा पाठीराखा नसेल तर उत्तम सेवकही दोन वर्षांत निव्वळ कारकून होतो.

आमचें हें म्हणणें निव्वळ कल्पनेंतलें आहे, असें कोणास वाटेल. त्यांनीं न्यूयॉर्ककडे पाहावें. तेथील तुरुंगांत केवळ पैशावांचून अडकलेले आरोपी पाहून लुई श्वाइत्झर नांवाच्या उद्योगपतीनें १९६१ सालीं व्हेरा संस्थेमार्फत एक प्रयोग सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी आरोपीस भेटून घर, काम आणि नातीं यांची विचारपूस करीत, ती पडताळून पाहत आणि योग्य वाटेल त्याची शिफारस न्यायाधीशाकडे करीत. पैशाची हमी न घेतां सुटलेले बहुतेक सर्व आरोपी तारखेस हजर राहिले. १९६६ सालीं त्या देशाच्या संघराज्यानें जामिनाचा कायदाच बदलला, आणि पुढें ठिकठिकाणीं खटलापूर्व सेवेचीं स्वतंत्र खातीं झालीं. आपल्याकडेही टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या उपक्रमानें १९९० पासून तुरुंगांत व न्यायालयांत समाजसेवक नेमून हें काम करून दाखविलें आहे. पण परोपकारी संस्थेनें वाट दाखवावी आणि सरकारनें ती पाहत उभें राहावें, हें किती दशकें चालावयाचें?

'चोर सोडले तर चोऱ्या वाढतील,' हा आक्षेप घरोघरीं ऐकूं येतो. आम्ही विचारतों, आज चोर सुटत नाहींत काय? ज्याच्याजवळ पैसा आहे तो सराईत आजही सुटतो, आणि त्याच्या मागें कोणाची नजर नसते. आम्ही मागतों ती व्यवस्था चौकशी करून सोडणारी आणि सोडल्यावर तारखेची आठवण देणारी आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. येरवडा मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि कैदी गेल्या कांहीं वर्षांत कित्येकदां तिच्या दुपटीहून अधिक. या गर्दीचें अन्न, औषध, पहारा आणि न्यायालयांत नेण्याआणण्याच्या गाड्या फुकट येतात काय? तिसरा पक्ष यंत्राचा कैवार घेतो: माणसें कशाला, आरोपीच्या पायांत किंवा फोनमध्यें पाळतीचें यंत्र बसवा. आरोपीनें आपला ठावठिकाणा पोलिसांस फोनवरून सतत दाखवावा, ही अट सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं खाजगी जीवनाच्या हक्काविरुद्ध ठरविली. यंत्र मनुष्य कोठें आहे तें सांगेल. तो कां आला नाहीं, त्याचें मूल तापानें फणफणलें होतें कीं मुकादमानें सुटी दिली नाहीं, हें त्याला कळावयाचें नाहीं. तें कळण्यास मनुष्यच लागतो.

आमची मागणी मोठी नाहीं. पुणें जिल्ह्यापुरतें प्रथम एक पथक व्हावें. त्याला बालकांचें किंवा दुसरें कोणतेंही काम नसावें. त्यांत स्त्रिया असाव्यात, कारण आरोपीच्या घरीं चौकशीचें खरें उत्तर बहुधा घरधनीणच देते. पहिल्या रिमांडच्याच वेळीं अहवाल न्यायाधीशापुढें यावा. पथकावर एकच अधिकारी असावा, आणि जामीन मिळूनही सात दिवसांपलीकडे आंत राहिलेल्या प्रत्येक कैद्याविषयीं त्यानें जिल्हा न्यायाधीशांस दर महिन्यास लेखी उत्तर द्यावें. तें उत्तर, कैद्याचें नांव गाळून, लोकांसही वाचावयास मिळावें.

सुशिक्षित वर्गानें यांत काय करावें, असें विचारलें जाईल. विधि सेवा प्राधिकरणास स्वयंसेवक लागतात. निवृत्त शिक्षक, बँकेंतले सेवक, कायद्याचे विद्यार्थी यांनीं तीं नांवें भरावींत. ज्यांना तेंही शक्य नाहीं त्यांनीं निदान एवढें करावें. घरीं काम करणारी बाई 'भाऊ आंत आहे' म्हणाली तर दोन दिवसांची रजा देऊन विषय संपवूं नये. त्याला वकील आहे काय, जामिनाचा हुकूम झाला आहे काय, किती दिवस झाले, हें विचारावें. आणि सात दिवस उलटून गेले असतील तर प्राधिकरणाकडे करावयाचा अर्ज तिला लिहून द्यावा. तिला तो लिहितां येत नाहीं आणि आपल्याला येतो. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग तिला व्हावयास हरकत नाहीं.